रात्रपाळीचा वॉर्ड सांभाळताना: नव्याने जबाबदारी घेणाऱ्या परिचारिकांसाठी मार्गदर्शन

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण पूर्ण झाले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, वॉर्डातील कामाला हात बसला, की थोड्याच काळात ड्युटीच्या यादीत आपल्या नावापुढे एखाद्या पाळीची मुख्य जबाबदारी लिहिलेली दिसते. दिवसा परिसेविका (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर) वॉर्डात असतात, सहाय्यक अधिसेविकांची फेरी होते, युनिटचे डॉक्टर राऊंडला येतात आणि अडले तर विचारायला माणूस असतो. रात्री मात्र एखादी कनिष्ठ अधिपरिचारिका, एक-दोन विद्यार्थिनी, एक मावशी आणि एक मामा (वॉर्डातले मदतनीस) एवढ्यांवर तीस-चाळीस रुग्ण सोपवलेले असू शकतात आणि त्या सर्वांत अनुभवी तुम्हीच असता. हा लेख अशा परिचारिकांसाठी आणि ब्रदर्ससाठी आहे. रुग्णालय सरकारी असो, महापालिकेचे असो की खासगी, पदांची नावे बदलतात, काम तेच राहते.

पाळी सांभाळणे म्हणजे सगळी कामे स्वतः उरकणे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. रुग्णाची प्रकृती अचानक ढासळली असे आपण म्हणतो, पण मागे वळून केसपेपर वाचला तर अनेकदा असे दिसते की काही तास आधीच कोणाच्या तरी ते लक्षात आले होते. मावशींनी पाहिले होते की आजोबा आज जेवले नाहीत आणि भलतेच बोलत आहेत. विद्यार्थिनीने नाडी वाढलेली नोंदवली होती. मुलीने दोनदा येऊन सांगितले होते की आईला धाप लागते आहे. जे दिसले ते निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसापर्यंत वेळेत पोहोचले नाही, एवढेच घडलेले असते. ज्याला जे दिसले ते त्याने न घाबरता बोलावे, ते तुमच्यापर्यंत यावे आणि तुमच्याकडून योग्य ठिकाणी जावे, हा मार्ग पाळीभर मोकळा ठेवणे हेच पाळीप्रमुखाचे मुख्य काम आहे. पुढील सर्व पायऱ्या त्या एका कामाच्या आहेत.

पहिली पायरी: ओव्हर घेणे

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती आणि जबाबदारी सोपवणे, टेबलाशी बसून वहीवरून घेऊ नये. जाणाऱ्या आणि येणाऱ्या परिचारिकांनी मिळून प्रत्येक खाटेजवळ उभे राहून ती द्यावी-घ्यावी. टेबलाशी ‘सलाईन चालू आहे’ हे वाक्य खरे वाटते. खाटेजवळ गेल्यावर हात सुजलेला आणि सुई शिरेबाहेर आलेली दिसते. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, निदान, शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा कितवा दिवस, औषधांची ॲलर्जी, लावलेल्या नळ्या आणि ड्रेन, उपाशी ठेवायचे आहे का, कोणते रिपोर्ट यायचे आहेत, रक्ताची मागणी गेली आहे का, हे सर्व ऐकावेच. त्यापलीकडे जाणाऱ्या सहकाऱ्याला तीन प्रश्न मुद्दाम विचारावेत: वॉर्डात आत्ता सर्वांत गंभीर कोण आहे, सकाळपासून कोणाची तब्येत बदलली आहे, आणि कोणते काम अर्धवट राहिले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना चेहऱ्यावर नाराजी दिसू देऊ नये. आज उरलेल्या कामावरून तुम्ही कुरकुर केलीत, तर उद्या ते काम सांगितलेच जाणार नाही, आणि न सांगितलेले काम रुग्णाला भोवते.

ओव्हर संपण्यापूर्वी डीडीए कपाटातील, म्हणजे नियंत्रित औषधांच्या कुलूपबंद कपाटातील, मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांची मोजणी दोघींनी मिळून करावी, नोंदवहीशी ताळा घ्यावा आणि मगच किल्ली स्वीकारावी. इमर्जन्सी ट्रॉलीचे सील, लॅरिंगोस्कोपचा दिवा, सक्शन यंत्राची ओढ आणि डिफिब्रिलेटरचे चार्जिंग प्रत्यक्ष चालवून पाहावे. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा पाहताना मनात हिशेब करावा: रुग्ण हलवताना वापरला जाणारा बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन देतो, म्हणजे मिनिटाला १० लिटर या वेगाने अडीच तास, काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. सीटी स्कॅनला नेलेल्या रुग्णाला तिथे किती वेळ थांबावे लागेल हे तुम्हाला ठाऊक असते. सिलिंडर तेवढा पुरेल का हे निघण्यापूर्वी ठरवायचे असते.

दुसरी पायरी: पहिली फेरी आणि श्वासांची मोजणी

ओव्हरनंतरच्या पहिल्या तासात सर्व रुग्णांजवळून स्वतः एकदा जावे. प्रत्येकाला सविस्तर तपासणे शक्य नसते, पण हाक मारून उत्तर कसे येते, श्वास कसा चालला आहे, त्वचा थंड आणि घामेजलेली आहे का, एवढे दिसतेच. ज्यांच्याविषयी शंका वाटेल त्यांची सर्व मोजमापे पुन्हा घ्यावीत.

या मोजमापांत सर्वांत दुर्लक्षित राहते ती श्वासांची गती. अनेक वॉर्डांत टीपीआर चार्टवर (तापमान, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्यावर) सर्व रुग्णांपुढे २० हाच आकडा ओळीने लिहिलेला आढळतो. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास न मोजता लिहिलेला आकडा ही खोटी नोंद आहे आणि तिच्यामुळे धोक्याची पहिली खूण हरवते. पाळीप्रमुख म्हणून तुम्ही एकाच गोष्टीचा आग्रह धरू शकणार असाल, तर या गोष्टीचा धरावा. विद्यार्थिनींसमोर स्वतः मिनिटभर उभे राहून श्वास मोजावेत. दहा वेळा सांगण्यापेक्षा ते अधिक शिकवते.

मोजमापांना अर्थ देण्यासाठी ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणांकन पद्धत प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आणली. न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या नावाने ती ओळखली जाते. श्वासगती, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावला आहे की नाही, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान या सात गोष्टींना ठरलेले गुण देऊन त्यांची बेरीज करतात. बेरीज ५ किंवा ६ झाली तर डॉक्टरांनी तातडीने पाहणे आवश्यक असते, ७ किंवा अधिक झाली तर ती आणीबाणी मानतात, आणि एकाच मोजमापाला ३ गुण मिळाले तरी डॉक्टरांना कळवावे लागते. समजा, आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी एका रुग्णाची श्वासगती २४, ऑक्सिजन लावलेला नसताना पातळी ९४, वरचा रक्तदाब १०४, नाडी ११२ आणि ताप ३८.४ अंश सेल्सिअस आहे; तो जागा आहे, बोलतो आहे. यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर रात्री डॉक्टरांना उठवण्यासारखा वाटत नाही. गुण मात्र अनुक्रमे २, १, १, २ आणि १ होतात, बेरीज ७ येते, आणि हा रुग्ण आत्ता पाहिला गेला पाहिजे हे स्पष्ट होते. ही पद्धत गरोदर स्त्रियांसाठी आणि १६ वर्षांखालील मुलांसाठी वापरायची नसते. रुग्णालयाने वेगळी पद्धत ठरवलेली असेल तर तीच वापरावी. पण कोणतीही एक पद्धत वापरावी आणि सर्वांनी तीच वापरावी.

तिसरी पायरी: कामाची वाटणी

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. प्रत्यक्षातला वॉर्ड या आकड्यांपासून किती दूर असतो, हे तिथे काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. अशा वेळी खाटांची समान विभागणी करणे, म्हणजे पहिल्या पंधरा तुझ्या आणि पुढच्या पंधरा माझ्या, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत अयोग्य रीत आहे. वाटणी रुग्णांच्या गरजेनुसार करावी. सर्वांत गंभीर रुग्ण स्वतःकडे किंवा त्यानंतरच्या अनुभवी सहकाऱ्याकडे ठेवावेत, स्थिर रुग्ण नव्या सहकाऱ्याकडे द्यावेत आणि रात्रीत दोन-तीनदा ही वाटणी पुन्हा तपासावी, कारण संध्याकाळी स्थिर असलेला रुग्ण पहाटे तसाच राहील असे नाही.

काम दुसऱ्याकडे सोपवताना पाच गोष्टी मनाशी पडताळून पाहाव्यात: हे काम सोपवण्याजोगे आहे का, या रुग्णाच्या आजच्या स्थितीत ते सोपवणे योग्य आहे का, ज्या व्यक्तीला सांगते आहे तिला ते येते का, तिला नेमके काय करायचे ते सांगितले आहे का, आणि ते झाल्यावर मी पाहणार आहे का. रुग्णाचे मूल्यमापन, औषध देणे, रक्त चढवणे आणि या सर्वांवर आधारलेला निर्णय ही कामे मावशी किंवा मामांकडे कधीही जाऊ शकत नाहीत, गर्दी कितीही असली तरी. विद्यार्थिनी ती कामे देखरेखीखाली शिकू शकतात. एकटीने करू शकत नाहीत. उलट बाजूने, एरवी साधे वाटणारे काम एखाद्या रुग्णाबाबत साधे नसते. पक्षाघाताच्या रुग्णाला पेज भरवणे हे त्याचे उदाहरण आहे: त्याला गिळता येते की नाही हे तुम्ही आधी पाहिलेले नसेल, त्याला टेकवून बसवलेले नसेल, तर मावशींच्या हातून मायेने भरवला गेलेला घास फुप्फुसात जाऊ शकतो.

सांगताना काय करायचे एवढेच सांगून थांबू नये. काय दिसले तर लगेच येऊन सांगायचे हेही सांगावे. ‘मावशी, दर दोन तासांनी काकांना कुशीवर वळवा’ एवढ्यावर न थांबता ‘वळवताना माकडहाडाजवळ किंवा टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबल्यावरही तो फिका झाला नाही, तर मला तेव्हाच बोलवा’ असे सांगितले, की मावशी बेडसोर रोखण्याच्या कामात तुमच्या सहकारी होतात. लघवीच्या पिशवीबाबतही तसेच. प्रौढ रुग्णाला तासाला किलोमागे साधारण अर्धा मिली लघवी झाली पाहिजे. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली. पिशवीवरच्या कोणत्या खुणेपर्यंत पहाटे चारला लघवी यायला हवी हे दाखवून ठेवले, तर मामासुद्धा वेळेत सांगू शकतात. ते सांगायला आले की हातातले काम थांबवून ऐकावे आणि त्यांच्यासमोर खाटेपर्यंत जावे. एकदा कोणी ‘काही नाही हो, तुम्ही जा’ असे म्हटले की तो माणूस पुन्हा येत नाही.

मनुष्यबळ धोकादायक पातळीवर कमी असेल तर रात्रीच्या पर्यवेक्षक परिचारिकेला फोन करावा, वेळ लिहून ठेवावी आणि ओव्हर बुकात उपस्थित परिचारिकांची व रुग्णांची संख्या नोंदवावी. ही तक्रार नव्हे, सुरक्षिततेची नोंद आहे, आणि वॉर्डाला अधिक माणसे मागताना परिसेविकांच्या हाती तीच कागदपत्रे असतात. मदत येवो अथवा न येवो, कोणती कामे आज मागे पडली तरी चालतील हे तुम्ही उघडपणे ठरवून सर्वांना सांगावे. स्थिर रुग्णांच्या चादरी सकाळी बदलल्या तरी चालते. अँटिबायोटिकचा डोस आणि गंभीर रुग्णांची मोजमापे मागे पडलेली चालत नाहीत. हे ठरवले नाही तर प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने काहीतरी वगळतो, आणि काय वगळले गेले ते कोणालाच कळत नाही.

चौथी पायरी: औषधे आणि रक्त

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधोपचारातील इजा टाळण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. त्या मोहिमेतील बहुतेक सूचना आपल्या वॉर्डात कोणत्याही खर्चाशिवाय अमलात आणता येतात. रुग्ण ओळखताना खाटेचा क्रमांक कधीही वापरू नये, कारण खाटा बदलतात. नाव रुग्णाकडूनच वदवून घ्यावे. ‘तुम्ही पाटील ना?’ असे विचारले तर ग्लानीतला माणूस कशालाही होकार देतो, आणि एका वॉर्डात तीन पाटील असणे आपल्याकडे नवलाचे नाही. नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा मनगटपट्टीशी आणि केसपेपरशी जुळल्या तरच औषध द्यावे.

इन्सुलिनबाबत विशेष दक्षता हवी. आपल्याकडे ते मिलीमागे ४० युनिट आणि मिलीमागे १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते आणि सिरिंजही दोन प्रकारच्या असतात: ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट चूक झाली तर २० च्या जागी ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध दिवसभर चालतो. वॉर्डात शक्यतो एकाच तीव्रतेचे इन्सुलिन ठेवावे, अशी विनंती परिसेविकांमार्फत औषध भांडाराकडे करावी. तोपर्यंत इन्सुलिनचा प्रत्येक डोस दुसऱ्या परिचारिकेने स्वतंत्रपणे तपासावा. स्वतंत्रपणे याचा अर्थ असा, की पहिलीने ‘हे २० आहे ना, बघ’ असे विचारायचे नाही. दुसरीने ऑर्डर, बाटली आणि सिरिंज स्वतः वाचून ‘२०’ म्हणायचे. ऑर्डर लिहिताना युनिट हा शब्द पूर्ण लिहिला जावा यासाठी निवासी डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात.

पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते सरळ शिरेत दिले तर हृदय बंद पडते. म्हणून हे अँप्युल डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाईनच्या अँप्युलशेजारी कधीही ठेवू नयेत. वेगळ्या, कुलूपबंद आणि ठळक लेबल लावलेल्या जागी ठेवावेत आणि ठरलेल्या प्रमाणात सलाईनमध्ये नीट मिसळूनच, नियंत्रित वेगाने द्यावेत. हेपॅरिनच्या बाटल्याही मिलीमागे १००० आणि ५००० युनिट अशा दोन्ही येतात. लेबल मोठ्याने वाचण्याची सवय इथे उपयोगी पडते.

तोंडी किंवा फोनवरची ऑर्डर फक्त आणीबाणीत घ्यावी, ऐकताच लिहावी, लिहिलेले परत वाचून दाखवावे, डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच कृती करावी आणि ते वॉर्डात येताच सही घ्यावी. जी ऑर्डर वाचता येत नाही किंवा डोस वेगळा वाटतो, ती अंदाजाने पुरी करू नये. विचारणे हा आगाऊपणा नाही. औषध रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वी शेवटचा हात परिचारिकेचा असतो आणि त्या हाताची जबाबदारी स्वतःची असते.

रक्त देताना पिशवी, क्रॉसमॅचचा (रक्त जुळवणीचा) अहवाल आणि रुग्ण यांची पडताळणी दोघांनी खाटेजवळ करावी. रक्तपेढीतून निघाल्यापासून अर्ध्या तासात पिशवी सुरू व्हावी आणि चार तासांत संपावी. पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळ थांबावे. थंडी वाजणे, कंबर दुखणे, धाप किंवा पुरळ असे काहीही दिसले तर रक्त लगेच थांबवावे, नवा सेट लावून नॉर्मल सलाईन चालू ठेवावे, डॉक्टरांना बोलवावे आणि पिशवी टाकून न देता रक्तपेढीकडे पाठवावी.

पाचवी पायरी: डॉक्टरांना रात्री कळवणे

रात्री अडीच वाजता फोन करताना नव्या परिचारिकेला संकोच वाटतो. ओरडा बसेल का, ‘एवढ्यासाठी उठवले?’ असे ऐकावे लागेल का, हे विचार मनात येतात. हा संकोच घालवण्याचा उपाय म्हणजे फोन करण्यापूर्वी दोन मिनिटे तयारी करणे. केसपेपर हातात घ्यावा, ताजी मोजमापे समोर ठेवावीत आणि चार भागांत बोलावे: आत्ता काय घडते आहे, पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, आणि मला तुमच्याकडून काय हवे आहे. एसबीएआर नावाने ओळखली जाणारी ही रीत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. तिथेही कनिष्ठाने वरिष्ठाला थोड्या वेळात नेमके सांगणे जिवाशी निगडित होते.

वर घेतलेल्याच रुग्णाविषयी बोलायचे तर असे बोलता येईल: ‘सर, सर्जरी वॉर्डातून सिस्टर बोलते आहे. खाट १४ वरच्या रुग्णाचा न्यूज स्कोअर ७ आला आहे. काल आतड्याचे ऑपरेशन झाले, आज दुसरा दिवस. श्वास २४, नाडी ११२, रक्तदाब १०४ वर ६०, ताप ३८.४, ऑक्सिजन ९४. पोट दुपारपेक्षा ताठ लागते आहे. मला आतड्याचा जोड सुटून जंतुसंसर्ग होत असल्याची शंका वाटते. तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन पाहावे अशी विनंती आहे. तोपर्यंत ऑक्सिजन लावू का आणि कोणते नमुने काढून ठेवू?’ शेवटचा भाग, म्हणजे नेमकी मागणी, बहुतेक जण गाळतात. ‘सर, रुग्ण बरा वाटत नाही’ या वाक्याला ‘बरं, लक्ष ठेवा’ हेच उत्तर मिळते.

डॉक्टर आले नाहीत किंवा चिंता त्यांना पटली नाही, तर ती दुसऱ्यांदा, अधिक स्पष्ट शब्दांत मांडावी. तरीही समाधान झाले नाही तर पुढच्या वरिष्ठांकडे जावे: कनिष्ठ निवासी, वरिष्ठ निवासी, मग युनिटचे लेक्चरर किंवा ऑन-कॉल कन्सल्टंट, समांतरपणे रात्रीच्या पर्यवेक्षक परिचारिकेला सांगावे. ही साखळी आणि तिचे दूरध्वनी क्रमांक पाळी सुरू होतानाच टेबलावर असावेत. प्रत्येक फोनची वेळ, कोणाशी बोललात आणि काय उत्तर मिळाले, हे परिचर्या नोंदीत लिहावे. नोंदीत मत किंवा राग नको, घटना आणि वेळ हवी. चुकलेला शब्द खोडरबराने किंवा व्हाइटनरने पुसू नये. एका रेषेने काट मारून सही करावी.

सहावी पायरी: नैतिक पेच

नीतिशास्त्राच्या तासाला स्वायत्तता, हित, अहित टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे शिकवली जातात. वॉर्डात ती कधीच सुटी येत नाहीत; एकमेकांत अडकून येतात.

संमतीपत्राचे पाहू. शस्त्रक्रियेची माहिती देणे हे डॉक्टरांचे काम आहे, पण कागदावर सही घेताना परिचारिका उपस्थित असते आणि अनेकदा साक्षीदार असते. रुग्णाला काय समजले ते त्याच्या शब्दांत विचारावे. न समजता सही होत असेल तर थांबवून डॉक्टरांना पुन्हा बोलवावे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही, आणि सज्ञान, सक्षम स्त्री केवळ भुलीखाली आहे म्हणून तिच्या आईची संमती पुरेशी होत नाही. आपल्याकडे नवरा, सासरे किंवा मुलगा सही करून मोकळे होतात आणि बाईला कोणी विचारत नाही. अशा वेळी ‘काकू, तुम्हाला काय सांगितले?’ हा साधा प्रश्न तिचा हक्क तिला परत देतो.

‘बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका’ ही नातेवाइकांची विनंती जवळजवळ प्रत्येक वॉर्डात येते. तिच्यामागे प्रेम असते. म्हणून ती झिडकारू नये. पण बाबांनी स्वतः विचारले तर खोटे बोलायला परिचारिका बांधलेली नाही. निदान स्वतःहून जाहीर करू नये, खोटा दिलासाही देऊ नये. ‘तुम्हाला काय काय जाणून घ्यायचे आहे ते मी डॉक्टरांना सांगते, ते तुमच्याशी बोलतील’ असे म्हणावे आणि ते बोलणे खरोखर घडवून आणावे. नातेवाइकांना वेगळे बसवून सांगावे की बाबा विचारत आहेत, आणि बहुधा त्यांनी ओळखलेही आहे.

गुप्ततेबाबत तडजोड नाही. एचआयव्हीसंबंधी २०१७ च्या कायद्याने ती बंधनकारक केली आहे. खाटेवर पाटी, केसपेपरच्या दर्शनी भागावर लाल शाईतली खूण किंवा ओव्हर देताना शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असा उच्चार, यांतले काहीही करू नये. सर्व रुग्णांसाठी सारखीच सार्वत्रिक दक्षता घेतली की अशा खुणांची गरजच उरत नाही.

केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, एकेचाळीसहून अधिक वर्षे, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या दयामरणाची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने याचिकाकर्त्यांना नव्हे, रोज त्यांची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना असल्याचे मानले. मला हा निकाल परिचर्येच्या नीतीसाठी फार महत्त्वाचा वाटतो. बोलू न शकणाऱ्या रुग्णाला काय सुखावते आणि काय दुखते, हे त्याला रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या हातांना कळते. म्हणून उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत याची चर्चा डॉक्टर आणि कुटुंबीय करत असतील तेव्हा परिचारिकेने तिथे उपस्थित राहावे आणि स्वतः पाहिलेले सांगावे.

नातेवाइकांचा संताप हाही रात्रीचा भाग आहे. बराच वेळ कोणी काहीच न सांगितल्याने तो वाढतो. दर दोन-तीन तासांनी गंभीर रुग्णाच्या नातेवाइकांना दोन वाक्ये सांगितली तर बरेच काही टळते. तरीही हात उगारला गेला तर प्रथम स्वतःला आणि सहकाऱ्यांना सुरक्षित जागी न्यावे, सुरक्षारक्षकांना बोलवावे आणि घटना लेखी कळवावी. महाराष्ट्रात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध २०१० चा स्वतंत्र कायदा आहे.

सातवी पायरी: चूक झाल्यावर

सर्व दक्षता घेऊनही चुकीचे औषध जाते, रुग्ण खाटेवरून पडतो, सुई टोचते. अशा वेळी क्रम पक्का असावा. आधी रुग्ण: मोजमापे, आवश्यक प्राथमिक उपाय, डॉक्टरांना पाचारण. मग पुरावा: बाटली, सिरिंज, सलाईनचा सेट टाकून देऊ नये. त्यानंतर रुग्णाला किंवा नातेवाइकांना डॉक्टरांसह खरे सांगणे, आणि पाळी संपण्यापूर्वी घटना अहवाल लिहिणे. सुई टोचली असेल तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, बोट तोंडात घालू नये आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधांसाठी ताबडतोब तातडीच्या विभागात जावे. पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. ‘वॉर्डात कोणी नाही, पाळी संपल्यावर जाईन’ असे सहकारी म्हणाली तरी तिला लगेच पाठवण्याची जबाबदारी तुमची आहे.

जिच्या हातून चूक घडली तिला सर्वांदेखत बोलू नये. तिने स्वतःहून येऊन सांगितले असेल तर आधी त्याबद्दल तिचे आभार मानावेत, आणि हे आभार मनापासूनचे असावेत, कारण ती गप्प राहिली असती तर रुग्णाचा बचाव करण्याची वेळ निघून गेली असती. जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा आणि खोटी नोंद यांवर कारवाई झालीच पाहिजे. पण दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या एका ट्रेमध्ये असताना थकलेल्या हाताने चुकीची उचलली, तर बाटल्या वेगळ्या केल्याशिवाय ती चूक थांबणार नाही. व्यक्ती बदलली तरी ट्रे तोच राहतो.

म्हणून घटना अहवालात काय झाले याच्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: यासाठी वॉर्डात काय बदलायला हवे, आणि तो बदल कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचा. सकाळी परिसेविकांना ओव्हर देताना अहवाल त्यांच्या हाती द्यावा, तोंडीही सांगावे, आणि ओव्हर बुकात ती सूचना लाल शाईने लिहून पुढचे सात दिवस तिन्ही पाळ्यांना वाचून दाखवली जाईल अशी व्यवस्था करावी. सुटीवर असलेल्या सहकारी कामावर परतल्या की त्यांनाही ती सांगितली गेली आहे, याची खात्री परिसेविकांकडून करून घ्यावी.